खिडकीपुढचं वाण

"वहिनी, हळदीकुंकू लावा, तिळगूळ द्या. वाण मात्र नको हं."

भरल्या हॉलमध्ये, पंधरा-वीस बायकांच्या देखत, माझी धाकटी जाऊ वृषाली मला असं म्हणाली. माझ्या हातातली गुलाबी प्लॅस्टिकची बास्केट तशीच हवेत राहिली.

"नको म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे माझ्याकडे आहे एक. दुसरी आली तर नुसती पडून राहील. तुमची एक वाचली, बघा." आणि वर गोड हसली.

"अगं, वाणाला कुणी नको म्हणतं का?" आमच्या समोरच्या खाडिलकरकाकू म्हणाल्या.

"मी म्हणते ना, काकू."

बायका हसल्या. तिला हसल्या असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्या तिच्याबरोबर हसल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बास्केटा मी तीन दुकानं हिंडून आणल्या होत्या. आमच्या सांगलीच्या कॉलनीत माझं वाण म्हणजे वर्षभराचा विषय असे. "वाणाच्या बाबतीत उज्ज्वलाचा हात कुणी धरणार नाही," असं खाडिलकरकाकूच म्हणायच्या. आणि ही कालची आलेली पोरगी, हात जोडून म्हणते नको!

मी मात्र तोंडभर हसून म्हणाले, "बरं बाई, तुझी मर्जी." आतून जळत होते, पण वाद घालणं मला जमायचंच नाही. माझ्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. दारावर फरशी पुसायचे दांडे विकणारी आली, घेतले. भिशीतल्या बायका पापड घेऊन आल्या, घेतले. नणंदेनं तिच्याकडचे जुने पडदे पाठवले, ठेवून घेतले. शिवाय दरवर्षी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वीस-पंचवीस घरचं वाण यायचं. चहाची गाळणी, साबणाच्या डब्या, आरशाच्या फण्या, प्लॅस्टिकचे डबे, डब्यात डबे. माळा भरला, मग पलंगाखाली, मग सासूबाईंच्या खोलीत.

सासूबाई म्हणजे आई. आमच्या लग्नाच्या आधी दोन वर्षं सासरे गेले, आणि तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी आई बाहेर येत नसत. दार पुढे ओढून आपल्या खोलीत बसायच्या. मी कधी "या" म्हटलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. सोळा वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, पण आवाज चढला म्हणून कुणी ऐकलं नसेल. त्या म्हणतील ते मी "हो आई" म्हणून करायचे. आमच्याइतकी गुण्यागोविंदानं नांदणारी सासू-सून गल्लीत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

मग दिराची बडोद्याहून बदली झाली आणि वृषाली आमच्या मागच्याच गल्लीत भाड्याच्या घरात राहायला आली.

काय सांगू तुम्हाला तिच्या तऱ्हा! भाजीला जाताना कापडी पिशव्या. मिठाईवाल्याकडे स्वतःचा डबा. पंगतीत दुसरी जिलबी वाढायला आलं की ताटावर हात आडवा. पोरीच्या वाढदिवसाला चक्क सांगून टाकलं की भेटवस्तू आणायच्या नाहीत, नुसतं जेवायला या. मी मनात म्हणायचे, कसली ही चिक्कू बाई! आणि आईंना ते सांगायला जायचे, तर आई म्हणायच्या, "बरोबर आहे की तिचं."

सोळा वर्षांत माझ्या कुठल्या गोष्टीला आई अशा चटकन "बरोबर आहे" म्हणाल्याचं मला आठवेना.

बरं, आईंना ती नाही म्हणत नसे असंही नाही! एकदा माझ्यासमोरच आई म्हणाल्या, "वृषाली, उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेशील?" ही म्हणाली, "उद्या नाही जमणार, आई. परवा नेते." मी कानात बोटं घालायचीच बाकी होती. मी असते तर उद्याची सगळी कामं टाकून गेले असते. आणि आई काय म्हणाल्या? "परवा तर परवा." जराही राग नाही. चार वाजले की चप्पल घालून तिच्याकडे निघायच्या. परत यायच्या त्या खुशीत. मी चहा ठेवला की म्हणायच्या, "घेऊन आले ग तिकडे."

त्या तिकडच्या चहानं माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? मला तिचा हेवा वाटत होता. इतका, की तिच्या घरावरून जाताना मी मुद्दाम आत बघायचे, आईंची चप्पल दिसते का म्हणून. दिसली की माझी संध्याकाळ गेली.

तर माझ्या हळदीकुंकवानंतर चार दिवसांनी वृषालीचं होतं. मी ठरवूनच गेले होते की बघूया, ही काय दिवे लावते. फाटकातून आत गेले तर पायरीवर खुर्ची टाकून आई बसलेल्या. बारीक किनारीची पांढरी साडी, शेजारी मोठी पाटी, आणि पाटीत मेथीच्या जुड्या.

"हे काय?" मी विचारलं.

"वाण आहे," आई म्हणाल्या. "मागच्या वाफ्यातली आहे. सकाळी मीच बांधल्या जुड्या."

"मेथी? वाण म्हणून?"

"नेली, निवडली, खाल्ली, संपली. ठेवायला जागा नको," वृषाली आतून म्हणाली.

मी खाडिलकरकाकूंकडे बघितलं. म्हटलं, आता या हाणतील. शिवाय आईंच्या हातून वाण घ्यायचं, हा प्रश्न होताच. काकूंनी क्षणभर आईंच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, मग वृषालीकडे. वृषाली काकूंकडेच बघत होती. काकूंनी पदर पुढे केला.

"द्या मावशी. आज रात्री पिठलं नको, मेथीच करते."

"लसूण भरपूर घाल ग," आई म्हणाल्या आणि हसल्या.

ते हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. मोठ्यानं, खांदे हलवून, शेवटी ठसका लागेपर्यंत. माझ्या घरात आई कधी अशा हसल्या नव्हत्या. आईंनी मला दिलेली जुडी मी घट्ट धरली, इतकी की देठं मोडली. प्रत्येक बाई यायची, आईंच्या हातून जुडी घ्यायची, दोन शब्द बोलायची. आई एकेकीला भाजीची कृती सांगत होत्या. आणि मला आठवत होतं माझ्या घरातलं त्यांचं पुढे ओढलेलं दार.

"उज्ज्वला, यंदा वृषालीनं बाजी मारली हं," काकू जाता जाता माझ्या कानाशी म्हणाल्या.

बस. माझं डोकंच फिरलं.

मी तशीच तरातरा घरी आले. आईंच्या खोलीत गेले. खिडकीपुढे खोक्यांची उतरंड होती, वरपर्यंत. काही उघडलेली, काही तशीच बांधलेली. मागच्या बाजूनं हाताला लागलं ते ओढलं. सोनेरी कागदातलं, लाल दोऱ्यानं बांधलेलं खोकं निघालं. कागद विटला होता, पण वजनदार होतं. लेमन सेट असेल कुणीतरी दिलेला, असं वाटलं. पदरानं धूळ पुसली आणि उलट पावली वृषालीकडे गेले.

अजून चार-पाच जणी होत्या. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"त्या दिवशी माझ्या घरी नको म्हणालीस. मी काही बोलले नाही. आज मोठी जाऊ वाण घेऊन तुझ्या दारात आली आहे. आता म्हण नको!"

वृषालीनं खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचं हसू मावळलं.

"द्या, वहिनी," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी घेतलं.

जिंकले की मी! एवढं बरं वाटलं मला! आईंकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्या खोक्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, लाडक्या सुनेला घ्यावं लागलं ना, ते झोंबलं. खोटं नाही सांगत, मला त्याचंसुद्धा बरं वाटलं. घरी येऊन मी ती मेथी निवडली आणि गुणगुणत फोडणीला टाकली.

आई त्या दिवशी लवकर आल्या. जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. मी "बरं आई" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले होते. मी आईंना दूध द्यायला खोलीत गेले तर पलंगावर त्यांची पिशवी भरून ठेवलेली. चार साड्या, चष्म्याचं घर, औषधाची डबी, जपाची माळ.

"हे काय, आई? कुठं निघालात?"

"वृषालीकडे जाते राहायला."

"किती दिवस?"

"राहायलाच म्हटलं मी."

मी दुधाचा कप पलंगाच्या कडेवर टेकवला. पलंगावर पिशवीशेजारी ते सोनेरी खोकं होतं. दोरा अजून बांधलेला.

"हे तिनं परत पाठवलं?" माझा आवाज चढला. "बघितलंत ना? घेतलं तेही परत!"

"तिनं नाही पाठवलं. मीच मागून घेतलं तिच्याकडून. सोड तो दोरा."

"मी?"

"तुझंच आहे."

मी दोरा सोडला. लेमन सेटचंच खोकं होतं ते, पण आत जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं. उलगडलं तर पितळेची जुनी कोयरी निघाली. आंब्याच्या आकाराची, हळदीकुंकवाची. झाकणावर मोर. खाली दगडी ठोकळ्यासारखं जड पितळी तबक. आणि एक चिठ्ठी, आईंच्या वळणदार अक्षरात: "चि. सौ. उज्ज्वलास. ही माझ्या आईची. माझं वापरणं झालं. आता तू वापर."

तारीख आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची होती.

मला एकदम सगळं आठवलं. ती संक्रांत, माझे हलव्याचे दागिने, काळी साडी, खोक्यांचा ढीग. गर्दीत आईंनी हातात काहीतरी दिलं होतं आणि सावकाश बघ म्हणाल्या होत्या. मी कुठंतरी ठेवलं. आठ दिवसांनी त्यांनी विचारलं, "बघितलंस का ग? आवडलं?"

आणि मी म्हणाले होते, "हो आई. फार छान आहे."

"दरवर्षी वाटायचं," आई म्हणाल्या, "यंदा काढेल. दाराच्या फटीतून बघायची मी, कोयरी दिसते का. तुझं ते स्टीलचं पंचपाळं दिसायचं. मग म्हटलं, नसेल आवडली. जुनी आहे, वाकडी आहे. आवडली नसेल तर नसेल. पण काल तो दोरा बघितला. मीच मारलेली गाठ होती ती, उज्ज्वला."

"आई, मला खरंच माहीत नव्हतं हो!"

"तेच तर. तुला माहीत नव्हतं आणि तू छान म्हणालीस." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुला मी काहीही सांगितलं तरी तू हो म्हणतेस. डॉक्टरकडे नेशील? हो. हे ठेवू इथं? हो. माझ्या खिडकीपुढं हे सगळं रचलंस, तेव्हा मी काही बोलले नाही. म्हटलं, ही आपल्याला कधी नाही म्हणत नाही, आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं? सहा वर्षं झाली मी ती खिडकी उघडली नाही."

मी खिडकीकडे बघितलं. खिडकी दिसतच नव्हती.

"वृषालीला काल विचारलं, येऊ का राहायला? ती म्हणाली, या, आई. पण सकाळी मला शाळा असते, तेव्हा चहा तुमचा तुम्ही करून घ्यायचा. शनिवारी मी माहेरी जाते, ते मी बंद करणार नाही. जमेल का बघा." आई पिशवीचा बंद बांधायला लागल्या. "तिला जे नको ते ती सांगते. म्हणून तिचं 'या' मला खरं वाटतं. तुझ्याकडे सोळा वर्षं राहिले, मी तुला हवी आहे का ओझं आहे, मला कळलेलं नाही. आता तूच सांग. जाऊ मी?"

हे डोकं पुसत दारात येऊन उभे राहिले होते. "जाऊ दे ग तिला," ते म्हणाले. "हवापालट होईल. हो म्हण, म्हणजे मी रिक्षा आणतो."

हो. जीभ आपोआप वर उठली. 'हो आई, तुमच्या मनाला येईल तसं.' ओठांपर्यंत आलं होतं ते. सोळा वर्षांची सवय. आणि डोळ्यांपुढं उभी राहिली ती पायरी, ती खुर्ची, ते खांदे हलवून हसणं. रोज तिकडे. कायमचं तिकडे.

"नाही," मी म्हणाले.

ह्यांच्या हातातला टॉवेल थांबला.

"काय?" आई म्हणाल्या.

"नाही. नाही जायचं तुम्ही. मला नाही चालणार." एकदा सुटलं ते आवरेना. "तुम्ही तिच्याकडचा चहा पिऊन येता तेही मला चालत नाही. ती नाही म्हणते आणि तुम्ही हसता! मी मर मर मरते आणि तुम्ही दार ओढून बसता! मी जळते आई, तिच्यावर. तिच्या दारात तुमची चप्पल दिसली की माझं डोकं उठतं. कोयरीचं चुकलं माझं, खोटं बोलले, हजारदा चुकलं. पण तुम्हाला मी तिला देणार नाही. माझ्या सासूबाई आहात तुम्ही. आधी माझ्या!"

कप केव्हाच खाली पडला होता. दूध पलंगाखालच्या खोक्यांत शिरत होतं. मी पदर तोंडाला लावून लहान पोरीसारखी हुंदके देत होते, आणि हे कधी माझ्याकडे, कधी आईंकडे बघत होते.

आईंनी पिशवीचा बंद सोडला आणि माळ काढून उशीखाली ठेवली.

"मग ती खिडकी उघडून दे मला," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. पदर खोचला आणि खोकी काढायला लागले. ह्यांनी ऑफिसला दांडी मारली. दुपारी मीच वृषालीला बोलावणं धाडलं. ती दारात आली तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले नाही. ती ओढणी कमरेला बांधून कामाला लागली. डबे एकीकडे, काच एकीकडे. देवळामागच्या अंगणवाडीला काय चालेल, कामाच्या बायकांना काय हवंय, ते तिनं आधी विचारून घ्यायला लावलं. "न विचारता दिलं तर आपला कचरा त्यांच्या घरात जातो, वहिनी," म्हणाली. एरवी मला राग आला असता. थोडा आलाच.

"तुला काही हवंय यातलं?" मी विचारलं.

"नको."

"माहीत होतं मला, मेले," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींकडे बघून हसलो.

पाच वाजता शेवटचं खोकं हललं. कडी गंजली होती. ह्यांनी वरवंट्यानं दोन ठोके घातले तेव्हा खिडकीचं दार करकरत उघडलं. मागच्या परसातला पेरू गजांपर्यंत आला होता. आई पलंगावरून उठल्या, गज धरून उभ्या राहिल्या. नंतर कोयरी चिंचेनं घासायला घेऊन बसल्या.

मी कोपऱ्यात बसून जाळ्या काढत होते. केसांत धूळ, हात कोपरापर्यंत काळे.

"उज्ज्वला," आई म्हणाल्या, "चहा टाकतेस का ग जरा?"

"आत्ता नाही, आई," मी म्हणाले. "हात भरलेत माझे."

आईंनी कोयरीवरून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि हसल्या. मोठ्यानं, खांदे हलवून, शेवटी ठसका लागेपर्यंत.